रांगेत उभा राहणारा शत्रू

सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीत भास्कर सरांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. कारखान्यात आग लागली तर कामगारांनी बाहेर कसं पडायचं, याचा कॉम्प्युटरवरचा सराव ती तयार करून विकायची. स्फोट झाला की पडद्यावरचे कामगार हातातलं टाकून मैदानात रांगेत उभे राहायचे.

मग सैन्याचं काम मिळालं. जवानांच्या सरावासाठी पडद्यावर लढाई हवी होती.

"नवं काही लिहायचं नाही," सर नीलिमाला म्हणाले. "माणसं तयारच आहेत. कपडे बदला, हातात बंदुका द्या. निम्मा खर्च वाचेल असं मी लिहून दिलंय."

नीलिमा नाशिकची. जुना प्रोग्राम तिनेच लिहिला होता. "सर, ती माणसं पळण्यासाठी बनवलीत. त्यांना लढायला लावण्यापेक्षा नवी स्वस्त पडतील."

"मग बचत कुठे दाखवू?"

ती पावसाळाभर खपली. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडायचं. शेवटी मदतीला दोन इंजिनीअर घ्यावे लागले. त्यांचा पगार सरांनी 'देखभाल' म्हणून दाखवला आणि बचत शाबूत ठेवली.

तपासणीला कर्नलसाहेब आले. पहिला तोफगोळा फुटला आणि शत्रूचे सगळे सैनिक बंदुका खाली ठेवून मैदानात रांगेत उभे राहिले. त्यांचा म्होरक्या डोकी मोजू लागला. जवानांनी अख्खी रांग टिपली. नीलिमाला मान वर करवेना.

"शत्रूची शिस्त दाखवलीय, साहेब," सर घाईने म्हणाले.

"आपण दरवेळी जिंकतो?"

"दरवेळी!"

"अहवालात छान दिसेल."

नीलिमाला राहवलं नाही. "साहेब, खरा शत्रू असा उभा राहणार नाही."

"खरा आला तर नवं टेंडर काढू, मॅडम," असं म्हणून कर्नलसाहेब सरांबरोबर खानवेलला जेवायला गेले.

काम मंजूर झालं. पाठोपाठ नौदलाचं आलं. "तीच माणसं बोटीत बसवा," सरांचा हुकूम सुटला.

या वेळी नीलिमाने वाद घातला नाही. दोन्ही इंजिनीअरांना विश्वासात घेतलं, जुना प्रोग्राम बाजूला ठेवला आणि सगळं नव्याने लिहिलं. काम मुदतीआधीच संपलं. पडद्यावरचा शत्रू आता लपायचा, फसवायचा आणि कधीकधी जिंकायचासुद्धा.

"जुनंच ना?" सरांनी विचारलं.

"जुनंच, सर. थोडं इकडचं तिकडे केलंय."

सर हरखले. हल्ली ते वापीच्या उद्योजकांना जुनं सॉफ्टवेअर पुन्हा वापरण्याचे फायदे समजावून सांगतात. नीलिमा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते.