बेडक्या

दुआनने आपल्या बाळाच्या डोक्यावर नवी टोपी बसवली आणि बाळाने ती ओढून थेट मोगऱ्याच्या पाण्याच्या पातेल्यात टाकली. वडीलधाऱ्यांच्या हातांवर ओतायचं पाणी होतं ते. दुआन टोपी पिळते न पिळते तोच बाळाने भोकाड पसरलं आणि दोन्ही हात तिच्या थोरल्या बहिणीकडे, बुआलाईकडे केले.

"दे इकडे," बुआलाई म्हणाली. "अनोळखी माणसाकडे जात नाही तो हल्ली."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली, पण व्हायचं ते झालं होतं. दुआनने बाळ तिच्या हातात दिलं. ते लगेच गप्प झालं.

तीन महिन्यांचं असताना दुआनने त्याला ताईपाशी ठेवलं होतं. नवरा तैवानला, ती स्वतः बँकॉकजवळ शिलाईच्या कारखान्यात. गावातली निम्मी पोरं अशीच वाढत होती. ताईला मूल नव्हतं, तिने आनंदाने घेतलं. जरा जास्तच आनंदाने, असं दुआनला आता वाटत होतं. सोंगक्रानची, नव्या वर्षाची चार दिवसांची रजा मिळाली होती. आज तिसरा दिवस, उद्या सकाळची बस. एवढ्या दिवसांत पोरगं एकदाही तिच्या खांद्यावर टेकलं नव्हतं. भिक्खूंना विचारून तिने त्याचं नाव फुवानात ठेवलं होतं. इथे सगळे त्याला बेडक्या म्हणत आणि तेही त्याच हाकेला वळे. तिचा नुसता जळफळाट होत होता, आणि तो सख्ख्या बहिणीवर होतोय याची लाजही वाटत नव्हती.

दुपारी उंच खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत, मधल्या बाजेवर शेजारपाजार जमला. आई मधोमध बसली. जो तो तिच्या हातांवर पाणी ओती, वर्षभराच्या चुकांची माफी मागे, आशीर्वाद घेई आणि मग बाळाकडे वळे.

"काय हे ध्यान," शेजारची फान आजी त्याच्या गालाला सणाची पांढरी माती लावत म्हणाली. "नाकावर कोणी बसलं होतं का गं याच्या?"

"झोपेतून उठला की याहून भयंकर दिसतो," बुआलाई म्हणाली. तिच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं.

तान्ह्या पोराला कुरूपच म्हणायचं. गोजिरं म्हटलं तर ऐकणारी भुतंखेतं असतात, आणि ती पोर घेऊन जातात. हे दुआनला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण ताई त्याला नावं ठेवत होती ती कशी हक्काने, घरच्या भाताला ठेवावीत तशी.

"देखणा आहे माझा मुलगा," दुआन मोठ्याने म्हणाली. "अख्ख्या गावात नाही असा देखणा."

फान आजीचा हात बाळाच्या गालावरच थांबला. आईने डोळे मिटले. बुआलाईने गळ्यातला पंचा झटकन बाळाच्या डोक्यावर ओढला.

"कसला देखणा, बेडूक आहे बेडूक," ती वर बघत घाईघाईने म्हणाली, तिथे कोणी ऐकत बसलं असावं तशी. तिचा आवाज कापत होता. ते ऐकून दुआनला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचीच भीती वाटली.

मोठ्या बहिणीच्या हातांवरही पाणी ओतावं लागतंच. दुआन वाडगं घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. बुआलाईने हात पुढे केले. मांडीवरच्या बाळानेही आपले हात त्याखाली धरले.

"ताई, वर्षभरात माझ्या बोलण्यात, वागण्यात, मनात..." दुआन 'मनात'पाशी अडली.

"थांब," बुआलाई हळू आवाजात म्हणाली. थोरल्यांनी नुसता आशीर्वाद द्यायचा असतो. तिने मात्र मान खाली घातली. "तुझा व्हिडिओ फोन यायची वेळ झाली ना, की मी त्याला निजवायचे. निजला नाही तरी निजलाय म्हणून सांगायचे. तुझा चेहरा त्याच्या ओळखीचा होऊ नये म्हणून."

वाडगं रिकामं झालं होतं, तरी दुआनने ते तसंच कलतं धरलं होतं. 'निजला गं आत्ताच' हे ऐकून आठ महिने ती फोन ठेवून मशीनवर बसत आली होती.

बुआलाईने ओल्या हातांनी बाळ उचललं, दुआनच्या मांडीत ठेवलं आणि उठून बाजूच्या खांबाआड गेली. बाळाने ओठ काढले.

"रडू नको रे राजा," दुआन म्हणाली. त्याचा काही उपयोग झाला नाही. मग तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "बेडक्या. काय घाणेरडं ध्यान आहेस रे. आणि हे नाक की काय?"

ओळखीची बोलणी ऐकून बाळ थबकलं. तिच्याकडे बघत राहिलं. मग एक हुंदका देऊन त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. गालाची पांढरी माती तिच्या ब्लाउजला लागली.

खांबाच्या कडेने बुआलाईच्या लुंगीचा भिजलेला काठ दिसत होता. तो मधूनच हलत होता. बाळ मान उचलून तिकडे वळू लागलं. दुआन जागच्या जागी हळूच फिरली, त्याची पाठ खांबाकडे येईल अशी, आणि त्याच्या कानात आणखी नावं ठेवत राहिली.