उत्पला पोचली त्या दिवशी

श्रावण सरताना कळंब्याच्या तलावावर ओलसर, किंचित तांबूस ऊन उतरते. त्या उन्हात काठाशी उकिडवी बसून मातीचे ढेकूळ नाकाशी धरलेली सात-आठ वर्षांची मुलगी. माझी धाकटी बहीण उत्पला म्हटले की मला अजून आधी तीच दिसते. वास घेताना ती डोळे मिटायची, आणि मिटल्या पापण्यांआड काहीतरी वाचत असल्यासारखे तिचे ओठ हलायचे. आमचे आबा गवंडी. पाया खणायला जिथे जात, तिथली चिमूटभर माती रुमालाच्या टोकाला बांधून ते तिच्यासाठी आणत: पन्हाळ्याच्या अंगाची तांबडी, हातकणंगल्याकडची काळीभोर, नदीकाठची मऊ राखाडी. इतर बाप मुलीला खाऊ आणत. आमच्या घरी संध्याकाळी रुमालाची गाठ सुटे आणि एक अख्खा गाव ओसरीवर दरवळे.

ती मोठी झाली तशी तिच्यात दोन ऋतू एकत्र नांदू लागले. बोलण्यात भर वैशाखाचा कडाका; आमच्याकडच्या मुली बोलतात तशी पुल्लिंगात, मोठ्याने, रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशी. आणि एकटी असली की भाद्रपदातल्या दुपारसारखी निःस्तब्ध, भरून आलेली. विनोद सांगण्याआधीच ती हसू लागे, आणि त्या हसण्यात विनोद बुडून गेला तरी कुणाला त्याची खंत वाटत नसे. कृषी महाविद्यालयात ती मृदाशास्त्र शिकली, दोन वर्षे माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत राबली, आणि मग नेदरलँड्समधल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावात पुढच्या शिक्षणासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली. ते पत्र आबांनी चष्मा पुसून पुसून पाहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. पण कागद उलटा धरलेला नाही, एवढी खात्री त्यांनी माझ्याकडून करून घेतली.

ती निघाली त्या संध्याकाळी स्टँडवर तिची जड बॅग आबांनी खांद्यावरच घेतली. तिला चाके होती, ती ओढता येत होती, हे सांगूनही त्यांनी ऐकले नाही. मुंबईची गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीतून डोके बाहेर काढून ती ओरडली, “आबा, पोचलो की फोन करतो!” आणि आबा गाडीच्या कडेने चार पावले चालत म्हणाले, “आईला कर. माझं काय, मला कळंलच.” मुंबईत मामांकडे एक दिवस काढून शुक्रवारी पहाटेच्या विमानाने ती निघणार होती.

त्या शुक्रवारी सकाळी सहाच्या सुमारास आबा अंगणात तोंड धुताना खाली बसले. बसले, एवढेच आईने पाहिले. मी धावत गेलो तेव्हा त्यांचा हात नळाच्या तोटीवर होता आणि पाणी वाहत होते. रुग्णालयात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. हृदयक्रिया बंद पडली, ते म्हणाले. त्या क्षणी उत्पला कुठल्यातरी समुद्रावर, ढगांच्या वर होती, आणि पृथ्वीवरची कुठलीही बातमी तिच्यापर्यंत पोचणे शक्य नव्हते.

दहाच्या सुमारास आबांना घरी आणले. पांढरी चादर, उशाशी मेणबत्ती, माणसांची ती विशिष्ट, खाली मान घातलेली गर्दी. मी हळूच आईजवळ गेलो आणि म्हणालो, “उपीचं विमान उतरंल दुपारपातूर. तिला बोलवून घेऊया. उद्या रात्रीपातूर येती ती. तवर आबांना ठेवता येतंय.”

आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. पावसाआधीचा वारा पडतो तसा तिचा चेहरा स्थिर होता. तिने माझा हात धरला.

“न्हाय सांगायचं. आज न्हाय. ती आली तर परत जायची न्हाय, मला ठावं हाय तिचा सभाव. मला एकटीला सोडून जाईल व्हय ती? आन् ह्यांनी जलमभर दुसऱ्याची घरं बांधली, ती पोरीला पाया घालायला. आजचा दिस तिचा हाय. तिला तो मिळू दे.”

मी पस्तिशीचा, शाळेत मराठी शिकवणारा, भाषेवर भाकरी मिळवणारा माणूस. त्या वेळी मला एकही वाक्य सुचले नाही. मी मान हलवली. त्या होकाराचे ओझे मी आजही इतर कुणाच्या डोक्यावर ठेवू शकलेलो नाही.

दुपारी दोनला फोन वाजला. उत्पला व्हिडिओ कॉल करत होती. मी घरामागे उसाच्या बांधावर गेलो आणि फक्त आवाज घेतला.

“दादा, पोचलो की रं! तोंड दाखव की!”

“रेंज न्हाय गं. तू बोल.”

आणि ती बोलू लागली. हातात आलेले नवे जग मुठीमुठीने उधळावे तशी. आभाळ इथे फार खाली आहे, हात वर केला तर भिजेल. सगळी म्हातारीकोतारी सायकलवरून जातात. स्टेशनावर एक बाई न मागता बॅग उचलू लागली. आणि गावात शिरल्याबरोबर तिने रस्त्याकडेच्या वाफ्यातली माती उचलून हुंगली, तेव्हा एक कुत्रा थांबून तिच्याकडे पाहत राहिला. ती हसली. तिच्या हसण्यात वारा होता, अनोळखी पाखरांचे आवाज होते, कुठलीतरी घंटा होती. इतकी आनंदी मी तिला त्याआधी कधी ऐकली नव्हती; आणि खरे सांगायचे तर, त्यानंतरही नाही.

त्याच वेळी घरातून वंदना सुरू झाली. बौद्धाचार्यांचा संथ स्वर, आणि त्यामागे सगळ्या जमलेल्यांचा. बुद्धं सरणं गच्छामि. मी फोन छातीशी दाबला, पण उशीर झाला होता.

“वंदना चाललीया काय? काय हाय घरी?”

आमच्यात तीच वंदना लग्नात होते, बारशाला होते, आणि माणूस जातो तेव्हाही तीच. त्या क्षणी धम्माची ही समदृष्टी माझ्या खोटेपणाच्या कामी आली.

“पलीकडं गृहप्रवेश हाय,” मी म्हणालो.

“आबांनी बांधलेलं ते घर? झालं पुरं? मग आबा तिकडंच असतील.”

“व्हय,” मी म्हणालो. “आबा तिकडंच हायत.”

ती थोडा वेळ गप्प झाली. मला वाटले, कळले. पण ती ऐकत होती. पलीकडून श्वासाइतक्या हलक्या आवाजात ती काहीतरी पुटपुटत होती. मग म्हणाली, “आईला दे.”

आई केव्हा माझ्यामागे येऊन उभी राहिली होती, मला कळले नाही. तिने हात पुढे केला. मी फोन दिला. आणि ज्या बाईचा धनी आतल्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली निजला होता, ती रोजच्या, किंचित त्रासिक आवाजात म्हणाली, “जेवलीस काय? भात मिळतोय न्हवं तिथं? आन् डोक्याला बांध काहीतरी, गार लागंल.” मग ऐकत राहिली. “व्हय. सांगतो त्यास्नी. ठेव आता, पैसं जात्यात.” फोन माझ्या हातात देऊन ती तिथेच, उसाच्या पाचटावर बसली, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. दिवसभरात पहिल्यांदा.

चारच्या सुमारास आबांना नेले. चिता पेटली तेव्हा माझ्या खिशातला फोन थरथरत होता. एकदा, पुन्हा, पुन्हा. ती छायाचित्रे पाठवत होती. घरी आल्यावर पाहिली: अकरा होती. कालव्यावरचा पूल, तिची चिमुकली खोली, खिडकीबाहेरचे सफरचंदाचे झाड, आणि शेवटच्यात ती स्वतः, वाऱ्याने केस विस्कटलेली, दोन्ही हात पसरून.

चौथ्या दिवशी, सोमवारी, तिची विद्यापीठातली नावनोंदणी झाल्यावर, मी तिला सांगितले. तिने एकच विचारले, “कधी?” मी सांगितले. “म्हंजे मी वर होतो,” ती म्हणाली. आणि मग, “म्हंजे ती वंदना आबांची होती.”

“तू म्हणत हुतीस न्हवं आमच्यासंगं?” मी आशेने विचारले. “मी ऐकलं. तूही होतीस की गं त्यांच्यापाशी.”

“व्हय, म्हणलो. शेवटी साधु साधु बी म्हणलो,” ती म्हणाली. “पर दादा, तेवढ्यावर भागत न्हाय.”

आई म्हणाली होती तेच झाले. उत्पलाला परत यायचे होते, आईने येऊ दिले नाही. आबांच्या नावाने झालेल्या जलदान विधीच्या दिवशी ती फोनवरून होती. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतली, परक्या भिंतीसमोर हात जोडून बसलेली. दोन वर्षांनी शिक्षण पुरे करून आली, तेव्हा स्टँडवरून सरळ आईच्या कुशीत शिरली. आईवर तिने राग धरला नाही. माझ्यावरही धरला नाही, निदान शब्दांत नाही. पण तिच्या आवाजातला तो कडाका ओसरला होता. आता ती रस्ता ओलांडून ऐकू जाईल असे बोलत नाही. विनोद आधी सांगते, आणि मग, जमले तर, हसते.

गेल्या भाद्रपदात आम्ही दोघे तलावाच्या बंधाऱ्यावर बसलो होतो. पाण्यावर ढगांची सावली सरकत होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “दादा, ते फोटो अजून हायत माझ्याकडं. बघवत न्हायत, आन् पुसवत बी न्हायत.” मग थांबून म्हणाली, “त्या दिवशी मी लई खूश होतो रं. जलमात येवढा खूश झालो नव्हतो. त्या दिवसाचं मी काय करू?”

आईने तिला एक दिवस दिला होता आणि मी तो पोचता केला होता. त्या दानात किती माया होती आणि किती चोरी, हे वेगळे काढण्याची चाळणी आमच्यापैकी कुणाकडेच नाही. गेलेल्या माणसाचा शोक काळाच्या ओघात मवाळ होतो म्हणतात. पण ज्या क्षणी आपण जिथे असायला हवे होतो तिथे नव्हतो, आणि नको तितके सुखात होतो, तो क्षण म्हातारा होत नाही. तो तिथेच, ऐन तारुण्यात उभा राहतो, दोन्ही हात पसरून, आणि आपण दरवर्षी त्याच्यापासून एक एक वर्षाने दूर जात राहतो.