पडद्यावरचं पाणी

ताईने इंजिन बंद केलं. बोट दोन-चार हेलकावे घेऊन जागच्या जागी उभी राहिली. सुकाणूशेजारच्या पडद्यावरची इवलीशी बोट मात्र पुढे चाललीच होती.

धाकटीने डोळे चोळले. धुकं इतकं दाट होतं की बोटीचं टोकही धड दिसत नव्हतं, तेव्हा नजरेवर भरवसा ठेवायची सोय नव्हती. ती पडद्याकडे पाहत राहिली. खोली चोवीस मीटर. तळाचा एक उंचवटा डावीकडे सरकला, त्यावरून तीन मासे गेले, दोन मोठे, एक लहान. मग सपाट तळ. मग पुन्हा तोच उंचवटा, तेच मासे, तोच लहानगा मागे रेंगाळत.

हे मासे तिने आधी पाहिले होते.

या माशांवरच तर ताई दुकानात भाळली होती. शेजारी एक साधं मशीन होतं, खोलीचे नुसते ठळक आकडे दाखवणारं. धाकटी म्हणत होती, ते घेऊ. ताईला रंगीत नकाशा हवा होता. दुकानदार हसला होता. "नवे बोटवाले मासे बघूनच भुलतात. अहो, इथे दुकानात पाणी कुठंय? हा नुसता नमुना चाललाय. बोटीवर बसवलंत की आधी तो बंद करा, मग खरं पाणी दिसेल."

नमुना बंद करायचा राहून गेला होता. धुक्यात शिरल्यापासून त्या दोघी दुकानातल्या पाण्यात बोट हाकत होत्या.

होकायंत्र होतं. मोबाइलवर किनाऱ्याची रेघही दिसत होती. पण किनाऱ्याच्या अलीकडे खडकांची रांग होती, ओहोटी लागली होती, आणि पाण्याखालचं मोबाइलला काही कळत नव्हतं.

"इंजिन का बंद केलंस?" तिने विचारलं.

"लाटा कुठे फुटतायत ते ऐकायला."

"येतंय ऐकू?"

"तुझे दात वाजायचे थांबले की येईल."

"दातांची डॉक्टर तू. तूच थांबव."

ताई हसली, पण ते हसू ओठांवरच विरलं. मघाशी कुठेतरी पाणी फुटल्यासारखा आवाज आला तेव्हा तिने सुकाणू असं गरकन फिरवलं होतं की धाकटी बाकावरून पडता पडता वाचली. आत्ता तिला पडद्याचं सांगितलं तर?

"चोवीस मीटर म्हणजे भरपूर झालं," ताई म्हणाली. "काही होत नाही."

"पेशंटलाही असंच सांगतेस. दुखणार नाही म्हणून."

"आणि ते ऐकतात. गपचूप."

धाकटी उठली आणि पडदा झाकला जाईल अशी, त्याला पाठ लावून उभी राहिली.

"तू होकायंत्राकडे बघ. खोली मी वाचून सांगते. आणि जरा गळ टाकते, हातांना काहीतरी चाळा."

"आत्ता मासे धरणार?"

"तीन आहेत म्हणतंय मशीन. एखादा तरी येईल."

ताईने इंजिन चालू केलं, अगदी हळू ठेवलं. धाकटीने दोरीच्या टोकाचा गळ कापून टाकला आणि नुसतं शिशाचं वजन पाण्यात सोडलं. ते तळाला टेकलं तशी दोरी सैल पडली. ताईची नजर चुकवत तिने ती दोन्ही हात पसरून वर घेतली. तिची एक वाव, म्हणजे पसरलेल्या हातांमधलं अंतर, साधारण दीड मीटर. सहा वाव.

"नऊ," ती जमेल तितक्या सहज म्हणाली.

चोवीसवरून एकदम नऊ. ताई विचारेल म्हणून तिने उत्तर जुळवायला घेतलं. ताईने विचारलं नाही.

"साडेसात."

दोरी बोटांना कापू लागली होती. खाली काहीतरी काळपट सरकल्यासारखं वाटलं, की धुक्याचीच सावली होती, कोण जाणे.

"साडेचार." तिचा आवाज फाटला. "ताई, साडेचार."

"डावीकडे घेते."

"घे. सहा. हं, सहाच आहे."

पाण्याच्या ओढीने दोरी बोटीखाली जायला लागली. इंजिनच्या पंख्यात अडकली तर संपलंच, म्हणून धाकटी धडपडत पलीकडच्या कडेला गेली आणि तिथून शिसं पुन्हा सोडलं. हात पसरले, दोरी घेतली, पुन्हा हात पसरले. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की पडद्यासमोर आता कोणीच उभं नाही.

तिने हळूच मान वळवली. चोवीस मीटर. उंचवट्यावरून लहानगा मासा चालला होता. पडदा ताईच्या अगदी डोळ्यांसमोर होता, आणि ताई पाहत होती ती धाकटीच्या हातांतल्या दोरीकडे.

"सकाळी चालू केलं तर नुसत्या रेघा येत होत्या," ताई म्हणाली. "मग मीच नमुना लावून ठेवला. नाहीतर तू बोटीत पायच ठेवला नसतास. म्हटलं ऊन पडलंय, कुठे लांब जायचंय."

धाकटीने दोरी वर ओढून घेतली.

कुठेतरी, बहुधा उजवीकडे, पाणी फुटल्याचा आवाज आला. ताईने दोन्ही हातांनी सुकाणू घट्ट धरलं.

"बोल ना गं. आता किती?"

धाकटीने शिसं सोडलं आणि या वेळी काहीही न लपवता हात पूर्ण पसरले.

"दोन वाव."