गुण्याचं दार

माझ्या वडिलांना सगळी गल्ली ‘गुण्या’ म्हणते. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. नव्वद म्हणजे नव्वद, एकोणनव्वदला ते मान डोलावत नाही. बाबाही तसेच. एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. तो मागे घ्यायला प्रत्यक्ष देवदूत आला तरी बाबा त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतील.

आमचा धंदा दारांचा. घराला लागूनच कारखाना. मी बेचाळीस वर्षांची, रंधा, करवत, पटाशी सगळं चालवते, आणि आईच्या मते पटाशीपेक्षा माझ्या जिभेला धार जास्त. असेल. या घरात बोथट राहून चालत नाही.

रविवारी उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत बाबा बायबलचा वर्ग घेतात. वर्ग बायबलचा, पण गाडी शेवटी दारावर येते. नोहाच्या तारवाचं दार, जे देवाने स्वतः लावून घेतलं. कोकराचं रक्त लावलेल्या चौकटी, ज्यांच्यावरून मरण न थांबता पुढे गेलं. दिव्यातलं तेल संपलेल्या त्या मुली, ज्या धावत आल्या तेव्हा लग्नघराचं दार लागलेलं होतं. आणि येशू स्वतःला मेंढवाड्याचं दार म्हणवतो, तिथे आले की बाबा टेबलावर मूठच आपटतात. “सुताराच्या घरात वाढलेला तो! स्वतःला राजवाडा म्हणाला नाही, सिंहासन म्हणाला नाही. दार म्हणाला, दार!” पुढच्या रांगेतली माणसं दचकून जागी होतात. मग बाबा सावकाश सांगतात की जो दारातून न येता दुसरीकडून चढून येतो, तो चोर.

आठ वर्षांपूर्वी याच माणसाने स्वतःच्या मुलाला दार बंद केलं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. हातात असं कसब की त्याने बसवलेल्या दाराच्या फटीत कागदसुद्धा सगळीकडून सारखाच अडकायचा. पण त्याला नाटकाचं वेड लागलं आणि तो एका फिरत्या नाटक कंपनीत नेपथ्य करायला गेला. तिथे दारं करायची ती प्लायवूडची, पुढून शिसवी, मागून नुसते टेकू. उघडलं तर पलीकडे दोरखंड आणि चहा पिणारे नट. बाबांना हे कळलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो, प्रार्थना नुकतीच झाली होती.

“ज्याच्या मागे घर नाही ते दार म्हणजे खोटी साक्ष,” बाबा म्हणाले. “खोटी दारं करणाऱ्याला या घराचं दार बंद.”

दादा उठला, हात धुतले आणि गेला. बापासारखाच, नव्वद अंशात वळून.

त्यानंतर आईने त्याला चोरून फोन केले, मी चोरून भेटून आले, आणि बाबांना हे सगळं ठाऊक होतं. पण त्या विषयावर घरात अवाक्षर नाही. आठ वर्षं!

आणि परवा दादाचा फोन आला. “गुरुवारी आमचा ट्रक तुमच्या रस्त्याने जातोय. बारा वाजता. तासभर थांबू शकतो.”

मी ओरडलेच. हातातला सरसाचा डबा फरशीवर, मी नाचतेय, पायाला सरस.

“थांब, ऐक,” तो म्हणाला. “मी पुढच्या दाराने येणार. नाहीतर येणार नाही.”

आईने लगेच तोडगा काढला. “मागचं दार आहे की! स्वयंपाकघरातून आला तर काय बिघडलं? शब्द पुढच्या दाराचा होता.”

“मागून शिरायला मी चोर आहे का?” दादा फोनवर कडाडला. “बाबांनीच शिकवलंय मला.”

घ्या! एकाला दार उघडायचं नाही कारण शब्द दिला, दुसऱ्याला मागून यायचं नाही कारण धडा पाठ केला. दोघांनाही बायबल पाठ, आणि मधल्या मध्ये आम्हा दोघी बायकांचं मरण.

गुरुवारी सकाळी मी बाबांपुढे उभी राहिले. ते पटाशीला धार लावत होते.

“बाबा, दादा येतोय. बारा वाजता.”

“ऐकलंय.”

“मग?”

“मग काय? बायबल सांगतं, तुमचं हो ते हो असू द्या आणि नाही ते नाही. मी म्हणालो ते म्हणालो.”

माझं डोकंच फिरलं. “तुमचा शब्द म्हणजे काय देवाच्या आज्ञांसारखा सिनाय डोंगरावरून आणलाय का? तुम्ही चिडला होतात, बाबा! चिडलेला माणूस जेवतानाही जीभ चावतो, म्हणून काय आठ वर्षं तोंड उघडत नाही?”

बाबांनी धार अंगठ्यावर तपासली. वरही पाहिलं नाही. पण पटाशी उलट्या बाजूने घासत होते हे मला दिसलं. पन्नास वर्षं धार लावणारा माणूस! मी तशीच पाय आपटत घरात आले आणि आईला म्हणाले, “गुण्या हलतोय.”

त्या दिवशी घड्याळाचे काटे कोणीतरी धरून ठेवले होते. आईने तीनदा फरशी पुसली. मी एका चौकटीचं माप चारदा घेतलं आणि चारही वेळा वेगळं आलं. पावणेबाराला बाबा हातपाय धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत येऊन बसले, दाराकडे तोंड करून. जवळ हत्यारांची पिशवी. विचारलं तर म्हणाले, “खुर्ची दुरुस्त करायची आहे.” कुठली खुर्ची, ते विचारायची सोय नव्हती.

बाराला पाच कमी असताना कोपऱ्यावर ट्रकचा हॉर्न वाजला.

खिडकीतून पाहिलं. उंच ट्रक, मागे ताडपत्री, ताडपत्रीतून एक खोटा जिना डोकावतोय. आणि त्यातून उतरला माझा भाऊ! केस पांढरे, पोट थोडं पुढे, चाल तीच. तो समोर येऊन उभा राहिला आणि त्याने दारावर तीनदा टकटक केली.

मी काय केलं असेल? त्याला हाक मारली? छे! मी सुसाट स्वयंपाकघरात पळाले, “आई, आला! आई, तो आला!” बायबलात पेत्र तुरुंगातून सुटून येतो, दार वाजवतो, आणि त्याचा आवाज ओळखून मोलकरीण आनंदाने आतच धावत सुटते, त्याला बाहेर तसाच ठेवून. तिला मी दरवर्षी वर्गात हसत आले होते. आनंद असाच असतो बाई, माफ कर.

आई आणि मी परत आलो तेव्हा बाबा दाराशी उभे होते. एका हातात हातोडी.

“बाबा!” मी किंचाळले आणि कुलपाकडे झेपावले.

“तू उघडू नकोस,” बाहेरून दादाचा आवाज. “ज्यांनी बंद केलंय ते बघतील.”

“दाराला हात लावू नको,” आतून बाबा.

आणि त्यांनी हातोडी मारली. ठण्! ठण्! ठण्! आईने पदर तोंडावर धरला. मला वाटलं, संपलं, हा माणूस दाराला खिळे ठोकतोय. पोटच्या पोराच्या तोंडावर खिळे! मी बाबांचा दंड धरला. बाहेर ट्रकच्या दिशेने चार पावलं वाजली.

पावलं थांबली.

“हा खिळ्याचा आवाज नाही,” दादा बाहेर म्हणाला.

मी वर पाहिलं. बाबांच्या दुसऱ्या हातात पिन ठोकून काढायचा पोलादी पंच होता, आणि तो वरच्या बिजागरीच्या पिनेखाली टेकवलेला. पिन अर्धी वर आली होती.

पावलं धावत परत आली. “बाबा! बिजागरी काढताय?”

“दार बंद म्हणालो होतो,” बाबा धापा टाकत म्हणाले. “बंदच आहे. उघडणार नाही मी. पण दार बंद म्हटलं होतं, भिंत नव्हे. दार काढून ठेवलं तर चौकट उरते. चौकटीबद्दल मी काही बोललो नव्हतो.”

हे बोलताना त्यांनी शेवटचा घाव घातला आणि वरची पिन उडून फरशीवर टणटणत गेली. आई हसायला लागली, मी रडायला लागले, की उलट झालं, आठवत नाही. आणि तेवढ्यात दार करकरलं, वरून दोन बोटं पुढे झुकलं आणि तिरकं होऊन चौकटीत घट्ट बसलं.

बाहेरून दादा अगदी हळू म्हणाला, “बाबा, तुम्ही वरची आधी काढलीत?”

बाबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दार उतरवताना खालची पिन आधी, वरची शेवटी, म्हणजे दार वरून लटकत राहतं. हे आमच्याकडे शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात शिकतो. बाबांनी यावरून लोकांना कामावरून घरी पाठवलंय. आता सगळं ओझं खालच्या पिनेवर. बाबांनी तिला पाच घाव घातले, दहा घातले. ती जागची हलेना.

“हात थरथरतायत माझे,” बाबा म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

“थांबा! तसंच थांबा, ठोकू नका!” दादा पळाला. ट्रकमध्ये काहीतरी धडाधड कोसळलं, बहुतेक तो जिना. तो पहार घेऊन आला आणि तिचं टोक दाराच्या खालच्या फटीतून आत सरकलं.

“बाबा, मी उचलतोय. वजन गेलं की सांगा.”

“अजून उचल.”

“आता?”

“केसभर. केसभर अजून. बस! धर!”

ठण्. ठण्. आणि खालची पिन लोण्यातल्या सुरीसारखी अलगद वर आली.

“सुटलं!” बाबा ओरडले, आणि त्याच क्षणी ते भलं थोरलं सागवानी दार, स्वतः बाबांनीच आमच्या जन्माआधी केलेलं, त्यांच्या अंगावर आलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्याच्यावर दार! मी एक कड धरली, पण ते मला आवरेना. तोवर दादाने पलीकडून हात घालून दुसरी कड पकडली.

“सोडू नका! माझ्याकडे झुकवा!”

“तुझ्याकडे कसं झुकवू, कुलपाची जीभ अडकलीय!”

“मग डावीकडे ओढा!”

“कोणाचं डावं? तुझं की माझं?”

“तुमचं, बाबा, तुमचं!”

जीभ सुटली. दोघांनी दार उचललं, एक टोक बापाकडे, एक लेकाकडे, आणि “सांभाळ”, “दिवा आहे”, “पाय बघा” असं एकमेकांवर खेकसत ते खोलीत आणलं आणि भिंतीला टेकवलं. दोघेही घामाघूम. दादाने खिशातून रुमाल काढून बाबांना दिला, बाबांनी कपाळ पुसून परत केला, दादाने त्यानेच मान पुसली. मग दोघांच्याही लक्षात आलं की तो आत आहे.

उघड्या चौकटीतून रस्ता सरळ खोलीत आला होता, ऊन, धूळ, ट्रकच्या इंजिनाची घरघर सगळं.

“शब्द मोडला नाही मी,” बाबा म्हणाले.

“पळवाट काढलीत,” दादा म्हणाला.

“पळवाट नाही रे.” बाबांनी त्या टेकवलेल्या दारावर तळवा ठेवला. “आठ वर्षं रोज सकाळी इथे बसून याच्याकडे बघायचो. बंद तुला केलं होतं, पण कोंडून मीच बसलो.”

आणि गुण्या वाकला. पन्नास वर्षांत कोणी पाहिला नसेल असा वाकला, आणि दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडला. आईने दोघांना मिळून मिठी मारायचा प्रयत्न केला, पण तिचे हात पुरेनात, म्हणून राहिलेली बाजू मी धरली.

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. दादाने डोळे पुसले आणि बाहेर जाऊन त्याला सांगितलं की तू पुढे हो, मी उद्याच्या गाडीने येतो.

मग तो परत आला. या वेळी बूट बाहेर काढून.