कुंताबाईची ओळ कोण उचलणार?

रविवारी सकाळी पहिला फोन उचलला तेव्हा माझ्या आवाजात काय रुबाब होता! दीपमाला आत्याच्या ‘झाडीनाद’ कंपनीचे फोन हल्ली मीच घेते. नववीत गेल्यापासून मला कुणाशी बोलायची भीतीच वाटत नाही.

“नमस्कार, झाडीनाद, वरठी. रुचिका बोलतेय.”

“तुमी आमचा गाना काहून बंद केला वं?” बपेऱ्याची एक बाई कडाडली. भाचीच्या लग्नात बायकांनी रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं म्हटलं, कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो उडाला. उडवणाऱ्याचं नाव काय, तर झाडीनाद!

दुसरा फोनही तसाच. तिसरा नाकाडोंगरीहून, खुद्द कुंताबाईचा; हेच गाणं आम्ही तिच्या आवाजात काढलंय. ती रागावली नाही, नुसती हळू बोलली.

“बाया मले गान्याची चोर म्हनून राहिल्या, माय. काल रोवणीत मी ओळ टाकली, कोनी उचललीच नाही.”

रोवणीत एक बाई ओळ टाकते आणि बाकीच्या वाकल्या वाकल्या ती उचलतात. उचलली नाही, तर ती बाई चिखलात एकटी. माझ्या आवाजातला रुबाब गेला कुठे कोण जाणे.

आत्याने स्टील प्लान्टच्या ऑफिसातली नोकरी सोडून ही कंपनी काढली. इकडच्या गायकांची गाणी ती मोबाईलच्या ॲपांवर चढवते आणि नाव, पैसा गाणाऱ्यालाच मिळेल हे बघते. कुंताबाईचं गाणं सगळ्यात लांब गेलं. इतकं की शहरातल्या एका डीजेने त्याखाली ढोल घालून ते स्वतःच्या नावावर विकलं! आत्याने भांडून परत आणलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून तिने पहारा लावला: जुळतं काही दिसलं की मशीनने आपोआप बंद करायचं. आणि गाण्याच्या माहितीत गीत कुणाचं, चाल कुणाची, दोन्हीकडे मानाने लिहिलं, कुंताबाई.

मशीनला मान काय कळतो? त्याने अख्खी चालच कुंताबाईची समजली. मग ती चाल जी बाई गाईल, तिचं तोंड बंद.

“आत्या, बदलून टाक ना!”

“बदलीन. पण मग उद्या कोणी मोठी गायिका हीच चाल गाऊन नाव कमावेल, आणि मी अडवू शकणार नाही.” ती स्कूटीची चावी शोधत होती आणि चावी तिच्याच हातात होती. “कुंताबाईला तोंडावर विचारल्याशिवाय नाही करायचं. चल.”

तुमसर मागे टाकून आम्ही नाकाडोंगरीच्या वाटेला लागलो. मीच बडबडत होते. कुंताबाई कंपनी सोडून गेली तर बाकीचे गायक कशाला थांबतील, हे आम्ही दोघीही बोललो नाही.

शेताच्या बांधीत बायका ओळीने पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवत होत्या. कुंताबाई पार टोकाला, मध्ये दोन बायकांची जागा रिकामी.

“आल्या गान्याच्या मालकीनबाई!” धुरपताबाई ओरडली. ही कुंताबाईची जुनी जोडीदारीण, आता सगळ्यात जास्त चिडलेली. “आता खोकलाले बी तुमालेच विचारा लागन का?”

आत्या चपला काढून सरळ चिखलात उतरली. “चूक माझी आहे. कुंताबाईला काही माहीत नव्हतं. तिचा आवाज तिचा, पण चाल साऱ्यांची. मी ती तिच्या एकटीच्या नावावर टाकली.” मग ती कुंताबाईकडे वळली. “नावावरून काढली तर शहरवालेही गातील, मावशी.”

“गाऊ दे,” कुंताबाई म्हणाली. “ह्या बाया नाही गायल्या तं मी कोनासंगं गाऊ?”

नेटवर्क फक्त धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर होतं आणि मी तिथेच उभी, म्हणून फोन माझ्याकडे. आत्या सांगत गेली, मी बदलत गेले. चाल: पारंपरिक. पहारा: फक्त कुंताबाईच्या रेकॉर्डिंगवर. स्क्रीनवरचं चक्र गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, मी फोन आणखी उंच धरला. झालं!

“बंद झालेले व्हिडिओ यायला दोन-चार दिवस लागतील,” आत्या म्हणाली.

“मशीनले लागते, तं आमाले बी लागतीन,” धुरपताबाई म्हणाली आणि वाकली.

कुंताबाईने मान वर न करता ओळ टाकली, “बांधीतल्या पान्यात ढग वाकला वं बाई...”

कुणीच नाही. नुसता पऱ्हे खोचल्याचा पचक-पचक आवाज. आत्याने डोळे मिटले. मला ते सहन होईना, आणि धुऱ्यावरून मीच ओळ उचलली, खणखणीत!

“हे कोनती बकरी वरडून राहिली?” धुरपताबाई ताडकन उभी राहिली. “पोरी, असी नसते वं चाल!” आणि कशी असते ते दाखवायला तिने ती ओळ गाऊन दाखवली, पूर्ण.

बाकीच्या बायकांची डोकी अजून खालीच होती. पण कुंताबाईने पुढची ओळ टाकलीसुद्धा, कुणाचा विचार बदलायच्या आत.