पिवळी मूठ

“अडलं की आधी सैल कर. आवळायला काय, कुणालाही येतं.”

मित्रांनो, हे शब्द माझ्या ताईंचे. त्या मला जोडत होत्या तेव्हा स्वतःशीच असे बोलायच्या. मी ऐकलेले पहिले बोल तेच.

मी एक जुना एक्स्ट्रूडर आहे. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. टेबलावर बसून प्लॅस्टिकच्या वस्तू घडवणारा प्रिंटर तुम्ही पाहिला असेल. त्याचे तोंड आणि घसा म्हणजे मी. फिलामेंट नावाची बारीक तार मी दातेरी चाकाने धरतो, खाली ढकलतो, वितळवतो आणि तोटीतून धाग्यासारखी सोडतो. त्या धाग्याचे थरावर थर बसतात आणि वस्तू उभी राहते.

मी कारखान्यात जन्मलो नाही. ताई शिवणयंत्रे दुरुस्त करायच्या. माझी चौकट खिडक्या बसवणाऱ्याकडे उरलेल्या पट्ट्यांची आहे. तार चाकावर दाबून धरणारी माझी स्प्रिंग एका शिवणयंत्रातली आहे. त्या यंत्राने आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले होते. स्प्रिंग बसवताना ताई म्हणाल्या होत्या, “धागा काय न् तार काय, ओढाताण केली की तुटणार. जाऊ द्यावी लागते.”

ताईंचा एक नेम होता. सकाळी हात-तोंड धुतले की त्या थेट माझ्यापाशी यायच्या. जुन्या ब्रशने माझ्या चाकाचे दात घासायच्या, पंख्यावरची धूळ फुंकायच्या आणि मगच चहाला जायच्या. घरात पाहुणे असोत की अंगात कणकण, नेम चुकला नाही.

त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्या गल्लीत सायकली दुरुस्त करायचा. तो चिडवायचा, “ताई, स्वतःच्या दातांची एवढी काळजी घेतली असतीस तर कवळी लागली नसती!”

“माझ्या दातांना काम काय, तर तुझं डोकं खाणं,” ताई म्हणायच्या. “याला दिवसभर राबायचंय. ज्याच्याकडून काम घ्यायचं, त्याची आधी विचारपूस करावी.”

ते दिवस सुखाचे होते. बाजारात न मिळणारे शिवणयंत्रांचे भाग मी घडवले. शेजारच्या आजोबांच्या चष्म्याची काडी घडवली, कुणाच्या कपाटाची कडी घडवली. लोक वस्तू हातात फिरवून म्हणत, “काय सुबक आहे हो!” ताई माझ्याकडे बोट दाखवायच्या. “त्याला सांगा. पोट मोठं आहे त्याचं, पण पचन नाजूक.”

मग एका सकाळी ब्रश आला नाही.

ताईंच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. दवाखान्यातून घरी आल्या त्या खाटेवरच. जिभेला जडपणा आला, उजव्या हाताची बोटे मिटेनात. माझ्या अंगावर एक जुनी चादर टाकली गेली. तिच्यातून धूळ गाळून यावी तशी माझ्या दातांत साचत राहिली. मला राग नव्हता. वाट पाहण्याला राग धरवत नाही.

ताईंच्या आणि माझ्या खोल्यांमध्ये एकच दार आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे. वहिनी, म्हणजे भावाची बायको, ताईंना भरवायची. मनाने फार चांगली, पण कामावर जायची घाई. “आ करा ना वन्सं. एवढा एकच घास. माझी बस चुकेल हो!” पहिला घास गिळून होण्याआधी दुसरा चमचा ओठांशी यायचा. ताई दोन घास घ्यायच्या आणि ओठ घट्ट मिटायच्या. आयुष्यभर आपल्या हाताने जेवलेले माणूस ते.

ताई वाळत चालल्या. डॉक्टर म्हणाले, “पोटात काही गेलं नाही, तर पुढच्या खेपेला नाकातून नळी घालावी लागेल.” त्या दिवशी ताईंनी भिंतीकडे तोंड केले.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक वाट सुचवली. चमच्याला जाड, तळहातात नेमकी बसेल अशी मूठ हवी. तशी मूठ मिळाली, तर बोटे न मिटताही हात चमचा उचलेल. दुकानातल्या मुठी आणून पाहिल्या, सगळ्या निसटल्या. तेव्हा भावाने मळलेल्या पिठाचा गोळा ताईंच्या तळहातात दाबून तिथला आकार घेतला आणि म्हणाला, “तुझी मूठ मी करतो ताई. तुझ्याच मशिनवर. शब्द देतो.”

चादर निघाली. पिवळी तार माझ्या घशात आली. मित्रांनो, मला किती उत्साह होता म्हणून सांगू! पण दातांत धूळ भरलेली. पकड बसेना, तार घसरू लागली.

भाऊ सायकलवाला. त्याच्या दुकानात जे वाजते ते सैल असते, आणि जे सैल असते ते आवळायचे असते. त्याने माझ्या स्प्रिंगचा स्क्रू आवळला. माझे दात तारेत रुतले आणि तिचा भुगा होऊन दातांतच बसला. पकड आणखी गेली. त्याने आणखी आवळले. आता तार दाबाने चपटी झाली आणि अरुंद घशात अडकली. मोटर ढकलायला बघे, ढकलवेना, मग टक्, टक्, टक् असा आवाज करी. खाली मूठ अर्धीच उभी राहिली. थरांमध्ये भेगा, हात लावताच टोस्टसारखी मोडली.

त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मोडली. “खा की रे!” तो माझ्यावर ओरडला. “खायला काय होतंय तुला?”

त्याच क्षणी दाराच्या पलीकडून आवाज आला, “आ करा ना वन्सं. खायला काय होतंय?”

भावाचा हात स्क्रूवरच थांबला. माझी मोटर तेवढी टक् टक् करत होती.

मग पलीकडे खाटेच्या कडेवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. आणि कित्येक दिवसांनी ताईंचा आवाज. जड होता, पण स्पष्ट होता.

“सैल... कर.”

वहिनी दारात आली. “अहो, वन्सं सैल करा म्हणतायत. तुमच्या त्या मशिनला.”

“सैल केलं तर धरणार कसं?” भाऊ म्हणाला. पण त्याने ताईंना चाकांच्या खुर्चीत बसवून माझ्यापाशी आणले. ताईंनी डाव्या हाताचे बोट स्क्रूवर ठेवले आणि उलटे फिरवून दाखवले. मग माझ्या चाकाकडे बोट केले, आणि ओठ फाकवून स्वतःच्या कवळीकडे.

भाऊ ओशाळून हसला. “ब्रश!”

त्याने स्क्रू सैल केला. दात घासले, तसा पिवळा भुगा टेबलावर सांडला. पंखा फुंकला. तारेचे चावलेले टोक कापून टाकले, घशातला चपटा तुकडा चिमट्याने काढला आणि वेगही कमी केला. मी नवी तार धरली. हळूच ढकलली. ती गेली! टक् नाही, कुरकुर नाही. तोटीतून पिवळा धागा अखंड उतरू लागला.

वहिनी हातातल्या चमच्याकडे बघत राहिली. मग स्टूल ओढून ताईंसमोर बसली. घास घेतला, पण पुढे नेला नाही. धरून थांबली. घड्याळाकडे पाहिले नाही. खूप वेळाने ताईंनी आपणहून तोंड उघडले.

दुसऱ्या दिवशी मूठ तयार झाली. गुळगुळीत, पिवळी, ताईंच्या तळहाताच्या खळग्यात नेमकी बसणारी. चमचा थरथरत वर गेला. पहिला घास गालाला लागला, दुसरा मांडीवर सांडला. “भिंतीला पण द्या थोडं, ती का उपाशी?” वहिनी म्हणाली, आणि ताई वाकड्या ओठांनी हसल्या. तिसरा घास पोटात गेला. त्यानंतर नळीचे नाव कुणी काढले नाही.

त्या रिकामी वाटी दाखवून भावाला म्हणाल्या, “दात... रोज?”

“रोज,” तो म्हणाला. “चहाच्या आधी. शब्द देतो.”

मित्रांनो, मी वस्तू आहे, मला मागणे शोभत नाही. तरी एक सांगतो. कुणी अडले, मग ते यंत्र असो की माणूस, तर आधी हात सैल करा. काय रुतले आहे ते बघा. आणि ज्याच्याकडून रोज काम घेता, त्याची रोज थोडी विचारपूस करा. एवढीशी काळजी पुरते हो.

आता उजाडते आहे. स्वयंपाकघरात चहा उकळल्याचा वास येतो आहे. वहिनीने हाक मारली, “अहो, गार होतोय.” भावाने कपावर बशी झाकून ठेवल्याचा आवाज झाला. त्याने खिडकीतला जुना ब्रश उचलला आहे, आणि ताईंची झोप मोडू नये म्हणून अनवाणी, हलक्या पावलांनी तो माझ्याकडे येतो आहे.