लिफ्टवाला जिना चढतो

लिफ्टवाला म्हणजे नुसता काडीपैलवान. बावीस वर्षं लिफ्टमधल्या स्टुलावर बसून त्याने बटणं दाबली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पोटांची टिंगल केली. सहाव्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई तर त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या. त्यांनी आत पाऊल टाकलं, की हा म्हणायचा, "बाई, वजनाची पाटी वाचा. लिफ्टलापण जीव आहे!" लोक फिदीफिदी हसायचे आणि बाई निमूट जिना धरायच्या. वाईट खोड, दुसरं काय!

एक दिवस त्याच्या छातीत भरून आलं. बायकोने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला. हृदयाभोवती चरबीचा हा जाड थर!

"दुसऱ्या कुणाचा असेल," लिफ्टवाला म्हणाला. "माझी पँट पट्ट्याशिवाय कमरेवर राहत नाही!"

"आतली चरबी पँटला कळत नाही. बसून बसून साठते आणि हृदयाला जाच करते. गोळ्या घ्या, रोज थोडे थोडे जिने चढा."

"उद्यापासून चढायचं," बायकोने बजावलं. "मला विधवा व्हायची हौस नाही."

झालं! दुसऱ्या दिवशी कामावर बसण्याआधी हा जिन्यावर दिसला आणि बिल्डिंगभर बोंब उठली. खुद्द लिफ्टवालाच लिफ्ट टाळतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय! दुपारपर्यंत लिफ्ट ओस पडली. मॅनेजर धापा टाकत आला. "उद्या जिन्यावर दिसलास, तर नोकरी गेली समज."

आली का पंचाईत? खरं सांगावं तर इतक्या वर्षांची ऐट मातीत, न सांगावं तर नोकरी तरी जाणार, नाहीतर जीव. रात्रभर तळमळून सकाळी तो लिफ्टच्या दाराशी सगळ्यांपुढे उभा राहिला.

"लिफ्ट ठणठणीत आहे. चरबी मला झालीये. हृदयाभोवती."

त्याच्या काडीसारख्या देहाकडे बघून लोक खो खो हसले. कुणाचाही विश्वास बसेना. टायपिस्टबाई पुढे आल्या. आता या उट्टं काढणार, म्हणून त्याने डोळेच मिटले.

"खरं बोलतोय तो. चेहरा बघा त्याचा," असं म्हणून बाई सरळ लिफ्टमध्ये शिरल्या. त्यांच्यामागे एकेक करत सगळेच शिरले, मॅनेजरसुद्धा. लिफ्ट भरली तशी बाई सवयीने बाहेर आल्या. बटण मॅनेजरने दाबलं.

मग बाई आणि लिफ्टवाला जिन्याने निघाले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टवाल्याच्या छातीचा भाता झाला. बाईंना साधी धापही नाही.

"बसा त्या पायरीवर," बाई म्हणाल्या. "पहिलं वर्षभर मीही तिथेच बसायचे."

लिफ्टवाला बसला. मान वर करायची काही त्याची हिंमत झाली नाही.